सुरक्षा-पत्रके आणि एसओपींच्या त्याच त्या कामासाठी एआय एजंट: किती सोपवावे, कुठे थांबावे?

प्रश्न (चिपळूणहून)

नमस्कार. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या रासायनिक कारखान्यात मी गेली नऊ वर्षे दस्तऐवजांचे काम पाहते. विभाग म्हणजे मी आणि हाताखाली एक प्रशिक्षणार्थी मुलगी. आमच्याकडे दोनशेच्या आसपास सुरक्षा-पत्रके, म्हणजे एकेका रसायनाचे धोके आणि हाताळणी सांगणारी पत्रके, आहेत (कारखान्यात सगळे त्यांना अजून एमएसडीएसच म्हणतात). त्यांच्यावर आधारलेल्या एसओपी, म्हणजे कामाच्या ठरलेल्या पद्धतीच्या लेखी सूचना, आहेत, आणि या दोहोंतून उतरवलेल्या मराठी सूचना प्लांटमध्ये जागोजागी लावलेल्या आहेत.

कामाचे स्वरूप सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल. समजा, कॉस्टिक सोडा पुरवणाऱ्याने त्याचे सुधारित पत्रक पाठवले. जीएचएस या रसायनांच्या धोक्यांच्या जागतिक वर्गीकरण पद्धतीच्या पत्रकाचे १६ विभाग असतात. नवे आणि जुने पत्रक समोरासमोर ठेवून विभागवार काय बदलले ते शोधायचे, मग कॉस्टिक ज्या ज्या उत्पादनात किंवा धुलाईच्या द्रावणात जाते त्या प्रत्येकाच्या पत्रकात तो बदल करायचा, रिव्हिजन क्रमांक आणि तारीख हेडरमध्ये बदलायची, सोळाव्या विभागात बदलाची नोंद करायची, पीडीएफ काढून मंजुरीला पाठवायची, आणि मंजुरी आली की प्लांटमधील जुनी प्रत काढून आणून तिच्या जागी नवी लावायची. एका कच्च्या मालातील एका बदलाने चाळीसेक कागद हलतात. त्यांतले खरे विचाराचे काम तासाभराचे असते आणि उरलेले चार दिवस नकल-डकव करण्यात जातात.

आमची आणखी एक अडचण आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीला पूर आला आणि चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा आमचे कार्यालय तिथल्या एका तळमजल्यावर होते. संगणक आणि कपाटे, दोन्ही गेले. लोट्याच्या प्लांटमध्ये लावलेल्या लॅमिनेशनच्या प्रती तेवढ्या वाचल्या. त्या एकेक करून स्कॅन केल्या आणि त्यांवरच आजवर काम चालले आहे. म्हणजे निम्म्या पत्रकांची वर्ड फाइल नाही, फक्त चित्र आहे.

गेल्या दोन महिन्यांत मी एक एआय एजंट वापरून पाहिला. फोल्डर दाखवले, सूचना लिहून दिल्या, आणि त्याने स्वतः फाइली उघडून, तुलना करून, मसुदे तयार केले. चार दिवसांचे काम एका दुपारी झाले आणि पहिल्या दिवशी मला खरोखर हायसे वाटले. मग तपासायला बसले. एका युरोपीय पुरवठादाराच्या पत्रकात पन्नास टक्के कॉस्टिक लायची (म्हणजे पाण्यातल्या द्रावणाची) घनता ‘१,५२’ अशी छापली होती. तिकडे दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. एजंटने तो स्वल्पविराम हजाराचा समजून काढून टाकला आणि आमच्या मसुद्यात घनता १५२ झाली. ही चूक डोळ्यात भरली म्हणून सापडली. दुसरी मात्र तिसऱ्या वाचनात सापडली: वाहतुकीच्या चौदाव्या विभागात लायचा संयुक्त राष्ट्र क्रमांक (घातक मालाच्या वाहतुकीसाठीचा ओळख-क्रमांक) १८२४ असायला हवा, तिथे तीन मसुद्यांत १८२३, म्हणजे घन कॉस्टिकचा क्रमांक आला होता. आमच्याकडे फ्लेक्स (घन कॉस्टिकचे पापुद्रे) आणि लाय दोन्ही येतात, त्यांची पत्रके एकाच फोल्डरमध्ये होती.

लायचे टँकर परशुराम घाटातून जातात. टँकरच्या पाटीवरचा आणि चालकाजवळच्या कार्डावरचा क्रमांक याच कागदावरून जातो. तेव्हापासून मी एजंट बंद ठेवला आहे, पण ते चार दिवसही मला परवडत नाहीत. ज्यांनी हे काम रोजच्या व्यवहारात बसवले आहे त्यांना माझे विचारणे असे आहे की एजंटला नेमके कोणते काम द्यावे, आकड्यांचे काय करावे, आणि तपासणी अशी कशी बसवावी की तीन-तीनदा वाचावे लागणार नाही?

उत्तर १ (सावंतवाडीहून)

ताई, आपण प्रश्न इतका तपशिलाने मांडला आहे की उत्तर देणे सोपे झाले. मी रसायनांच्या क्षेत्रातला नाही. एका सॉफ्टवेअर कंपनीची माहितीपुस्तके आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर जाणारी टिपणे घरी बसून लिहितो, आणि गेले दीड वर्ष त्यात एजंट वापरतो. आपली अडचण आणि माझी अडचण मुळात एकच आहे.

एजंट म्हणजे भाषा मॉडेल, आणि त्याच्या हातात दिलेली काही साधने: फाइल उघडणे, शोधणे, लिहिणे, आज्ञा चालवणे. मॉडेल एक पाऊल ठरवते, साधन ते करून निकाल परत देते, निकाल वाचून मॉडेल पुढचे पाऊल ठरवते, असे चक्र काम संपेपर्यंत फिरते. या चक्रात आकडा मॉडेलमधून जातो तेव्हा तो जसाच्या तसा उचलून ठेवला जात नाही, पुन्हा नव्याने ‘लिहिला’ जातो. शंभरातून नव्व्याण्णव वेळा तो बरोबर लिहिला जातो असे समजले तरी, उरलेल्या एका वेळी तो तितक्याच सफाईने चुकीचा लिहिला जातो, आणि वाचणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही. म्हणून माझा पहिला नियम असा की आकडा, क्रमांक, तारीख यांतले काहीही मॉडेलच्या हातून अंतिम कागदात जाता कामा नये.

मग ते जावे कसे? आपल्या चाळीस कागदांत कॉस्टिकची माहिती चाळीस ठिकाणी लिहिलेली आहे, हे खरे दुखणे आहे. एक एक्सेल तक्ता करा. एका ओळीत एक पदार्थ (फ्लेक्सची ओळ वेगळी, लायची वेगळी), आणि रकान्यांत कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा जगभर एकच असलेला ओळख-क्रमांक), संयुक्त राष्ट्र क्रमांक, घनता, धोक्याची विधाने, पुरवठादाराच्या पत्रकाची तारीख. पत्रकाच्या साच्यात त्या जागा मोकळ्या ठेवून वर्डच्या मेल मर्जने किंवा पॅनडॉकसारख्या मोफत साधनाने त्या भरून घ्या. बदल तक्त्यात एकदा करायचा आणि चाळीस कागद पुन्हा काढायचे. ‘एकदा लिहा, अनेक ठिकाणी वापरा’ ही कल्पना एआयच्या कितीतरी आधीची आहे. आयबीएममध्ये तयार झालेली डीटा ही पद्धत २००५ साली ओॲसिस या संस्थेने मानक म्हणून स्वीकारली ती याच कामासाठी. आपल्याला एवढे मोठे प्रकरण नको, तक्ता पुरेल. आपल्या चार दिवसांतले बरेचसे काम एजंटला हात न लावता इथेच संपेल असे मला वाटते.

एजंटचे काम त्यानंतर सुरू होते, आणि त्यात तो फार चांगला आहे. पुरवठादाराचे जुने-नवे पत्रक वाचून कोणत्या विभागात काय बदलले ते साध्या भाषेत मांडणे, सोळाव्या विभागातील नोंदीचा मसुदा लिहिणे, एसओपीत जुना शब्दप्रयोग कुठे कुठे राहिला आहे ते शोधून दाखवणे ही कामे त्याला द्या. प्रत्येक बदलासमोर मूळ पत्रकातील पान, विभाग आणि ती ओळ जशीच्या तशी उद्धृत केली पाहिजे, अशी अट घाला. मग त्याने उद्धृत केलेली ओळ मूळ फाइलमध्ये खरोखर आहे का, हे एक छोटी स्क्रिप्ट (ठरलेल्या आज्ञांचा लहान प्रोग्राम) तपासू शकते. नसेल तर तो बदल आपोआप बाजूला पडतो.

आणखी एक गोष्ट मला अनुभवाने कळली. जे काम दर वेळी अगदी तसेच करायचे असते, ते दर वेळी एजंटकडून करून घेऊ नये. एजंटकडून त्या कामाची स्क्रिप्ट एकदा लिहून घ्यावी, ती जाणकाराकडून तपासून घ्यावी, आणि पुढे तीच चालवावी. हेडरमधील रिव्हिजन क्रमांक बदलणे हे असे काम आहे. स्क्रिप्ट कंटाळत नाही, आणि आज जसे वागली तसेच उद्याही वागते.

कॅस क्रमांकाची तपासणी तर त्या क्रमांकातच बसवलेली आहे. कॉस्टिकचा क्रमांक १३१०-७३-२. शेवटचा २ हा तपासणीचा अंक. त्याआधीचे अंक उजवीकडून घेत जायचे आणि १, २, ३ अशा वाढत्या क्रमाने गुणायचे: ३ गुणिले १, ७ गुणिले २, ० गुणिले ३, १ गुणिले ४, ३ गुणिले ५, १ गुणिले ६. बेरीज ४२ येते आणि तिचा शेवटचा अंक २, म्हणजे क्रमांक जुळला. स्कॅनमधून उतरवताना ७३ चे ३७ झाले तर बेरीज ३८ येते, शेवटचा अंक ८ येतो, आणि चूक जागच्या जागी पकडली जाते. आपल्या पुरानंतरच्या स्कॅनमधून जे जे कॅस क्रमांक उतरवले आहेत, त्या सगळ्यांवर ही तपासणी आजच चालवावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

अधिकारांबद्दलही सांगतो. एजंटला पुरवठादारांचे फोल्डर फक्त वाचता यावे, लिहिता यावे ते फक्त मसुद्यांच्या फोल्डरमध्ये, आणि ईमेल पाठवण्याचा अधिकार अजिबात नसावा. बाहेरून आलेल्या पीडीएफमध्ये एखादे वाक्य आज्ञेसारखे लिहिलेले असेल, तर मॉडेल ते माहिती म्हणून न वाचता आज्ञा म्हणून पाळू शकते. हा धोका काल्पनिक नाही, आणि त्यावर खात्रीचा उपाय अजून सापडलेला नाही.

उत्तर २ (रत्नागिरीहून)

मी गुणवत्ता विभागातून निवृत्त झालो त्याला सहा वर्षे झाली. एआय मी वापरलेला नाही, परंतु सुरक्षा-पत्रकांवर सह्या पुष्कळ केल्या आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

सावंतवाडीच्या गृहस्थांनी सांगितलेली तपासणी योग्य आहे, परंतु ताईंच्या १८२३ ची चूक तिने सापडणार नाही, हे लक्षात घ्यावे. संयुक्त राष्ट्र क्रमांकात तपासणीचा अंक नसतो. १८२३ आणि १८२४ हे दोन्ही क्रमांक खरे आहेत, दोन्ही कॉस्टिकचेच आहेत, दोन्ही आठव्या म्हणजे क्षरणकारी वर्गातलेच आहेत. खोटा क्रमांक लगेच उघडा पडतो, पण खरा क्रमांक चुकीच्या जागी बसला की तो कुणाच्या लक्षात येत नाही. टँकर उलटला तर अग्निशमन दलाची माणसे तो क्रमांक वाचूनच ठरवतात की सांडलेले कोरडे गोळा करायचे आहे की ते वाहत नाल्याकडे चालले आहे. कोरड्या कॉस्टिकवर पाणी पडले की उष्णता निर्माण होते, आणि लाय असेल तर ती आधी बांध घालून अडवावी लागते. एका अंकाने ही पहिली दहा मिनिटे बदलतात.

दुसरी बाब तीव्रतेची आहे. युरोपच्या सीएलपी या रसायनांच्या वर्गीकरणाच्या नियमात कॉस्टिक ५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर त्वचा जाळण्याच्या सर्वांत कडक वर्गात ते जाते, २ ते ५ टक्क्यांमध्ये त्याखालच्या वर्गात, आणि या दोहोंना एच३१४ हे धोक्याचे विधान लागते. अर्ध्या टक्क्यापासून २ टक्क्यांच्या आतपर्यंत मात्र त्वचेचा दाह करणारे म्हणजे एच३१५ आणि डोळ्यांसाठी एच३१९ लागते. ताईंनी धुलाईच्या द्रावणांचा उल्लेख केला आहे. त्यांतले एखादे दीड टक्क्याचे असेल आणि एजंटने ‘कॉस्टिक’ हा शब्द पाहून सगळीकडे एच३१४ चिकटवले असेल, तर ते अधिक सुरक्षित झाले असे कुणी समजू नये. प्रत्येक बाटलीवर सर्वांत कडक चिन्ह दिसू लागले की कामगार त्या चिन्हाकडे पाहणे सोडून देतो, आणि मग खऱ्या लायच्या पिंपावरचेही ते त्याला दिसत नाही. म्हणून धोक्याचे वर्गीकरण हे माणसाचे काम आहे, आणि तेही ज्याला द्रावण कसे बनते ते ठाऊक आहे अशा माणसाचे. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत सुरक्षा-पत्रकासाठी नववी अनुसूची आहे आणि तिची जबाबदारी कारखान्यावर टाकलेली आहे. मसुदा संगणकाने केला होता, हे उत्तर अपघातानंतर कुणी ऐकून घेणार नाही.

आता तीन-तीनदा वाचण्याबद्दल. सलग चाळीस स्वच्छ मसुदे वाचले की नजर सरावते. विसाव्यानंतर माणूस वाचत नाही, पाने उलटतो. आम्ही बॅच रेकॉर्डच्या तपासणीसाठी एक पद्धत ठेवली होती. तपासणाऱ्याला सांगून ठेवायचे की या गठ्ठ्यात दोन चुका मुद्दाम घातलेल्या आहेत, पण कुठे ते सांगायचे नाही. चुका घालणारा वेगळा, आणि त्यांची नोंद बंद पाकिटात. दोन्ही सापडल्या तर वाचन झाले असे धरायचे, नाही तर गठ्ठा दुसऱ्याकडे द्यायचा. पाकीट उघडून त्या चुका काढल्याशिवाय एकही कागद मंजुरीला जाऊ द्यायचा नाही, ही अट मात्र काटेकोर पाळावी लागते. एजंटच्या मसुद्यांना ही पद्धत विशेष लागू पडेल असे मला वाटते, कारण त्यांची भाषा इतकी नीटनेटकी असते की शंका घेण्याची इच्छाच होत नाही.

शेवटी आपल्या प्रशिक्षणार्थी मुलीविषयी. दोन पत्रके समोरासमोर ठेवून ओळीओळीने पाहण्याच्या या कंटाळवाण्या कामातूनच आम्ही सगळे शिकलो. लायला १८२४ असते हे मला पुस्तकातून नव्हे, तर अशाच एका चुकीवरून वरिष्ठांनी समोर बसवून समजावल्यामुळे ठाऊक आहे. ते काम पूर्णपणे एजंटकडे गेले, तर दहा वर्षांनी एजंटची चूक ओळखणारे कुणी उरणार नाही. महिन्यातून निदान एक पत्रक तिच्याकडून हाताने करून घ्या, आणि मग तिचे आणि एजंटचे तिलाच ताडून पाहू द्या.

उत्तर ३ (देवगडहून)

आमचा आंब्याच्या पल्पचा कारखाना आहे. हंगामात रोजच्या नोंदींवरून निर्यातीचे कागद तयार करण्यासाठी एजंट वापरतो. वरच्या दोघांनी सांगितले त्यात एका गोष्टीची भर घालतो.

गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज गेली तेव्हा एजंट कामाच्या मध्यावर होता. वीज आल्यावर पाहिले तर काही फाइलींवर नवी आवृत्ती आणि काहींवर जुनी. कुठपर्यंत पोहोचला होता ते विचारले, तर त्याने ठामपणे सांगितलेली यादी प्रत्यक्षाशी जुळली नाही. तेव्हापासून मूळ फोल्डरला तो हातच लावत नाही. पूर्ण प्रत वेगळी काढतो, काम तिच्यात होते, शेवटी फाइलींची संख्या आणि प्रत्येकीवरची आवृत्ती एक स्क्रिप्ट मोजते, आणि सगळे जुळले तरच नवे फोल्डर जुन्याची जागा घेते. अर्धवट राहिले तर प्रत टाकून देऊन पहिल्यापासून सुरुवात. आपल्याकडे जूनपासून विजेचा काय भरवसा असतो ते आपण जाणताच, म्हणून हे आधी करून घ्या.

आपली घटकांची टक्केवारी हे व्यवसायाचे गुपित असेल, तर ती बाहेरच्या सेवेकडे पाठवण्यापूर्वी मालकांची लेखी परवानगी घ्या. ओलामासारख्या साधनाने लहान मॉडेल कार्यालयातल्याच संगणकावर चालवता येते. ते मोठ्या मॉडेलइतके हुशार नसते, पण दोन मजकुरांतला फरक दाखवण्यापुरते चालते आणि इंटरनेट गेले तरी थांबत नाही.

उत्तर ४ (अलिबागहून)

मी इंग्रजीतून मराठीत तांत्रिक भाषांतर करते. ताईंनी मराठी सूचनांचा उल्लेख ओझरता केला आहे, पण मला सर्वांत जास्त काळजी तिथेच वाटते. इंग्रजी पत्रक कार्यालयात राहते, आणि पिंपाजवळ उभा असलेला माणूस वाचतो ती मराठी पाटी.

एक उदाहरण देते. पत्रकाच्या चौथ्या, म्हणजे प्रथमोपचाराच्या विभागात दाहक पदार्थ गिळला गेल्यास रुग्णाला मुद्दाम उलटी करायला लावू नये, अशी सूचना असते, कारण जो पदार्थ जाताना अन्ननलिका जाळतो तो वर येताना पुन्हा जाळतो. एजंटने केलेल्या भाषांतरांत या सूचनेचे मी ‘उलटी होऊ देऊ नका’ असे झालेले पाहिले आहे. मराठी वाक्य निर्दोष आहे, वाचताना खटकत नाही. अर्थ मात्र पार फिरला आहे. ती पाटी वाचणारा साधाभोळा माणूस आपोआप आलेली उलटी थांबवण्यासाठी रुग्णाचे तोंड दाबून धरेल, त्याला उताणा झोपवेल, आणि ती उलटी श्वासनलिकेत जाईल. ‘उलटी करायला लावू नका’ आणि ‘उलटी होऊ देऊ नका’ यांत एखाद्याच्या जिवाइतके अंतर आहे. आपल्या सगळ्या पाट्यांवर हे एक वाक्य आधी पाहा.

दुसरा गोंधळ शब्दांचा. क्षरण करणाऱ्या पदार्थाला एजंट एका पाटीवर ‘दाहक’ म्हणतो, दुसऱ्या पाटीवर ‘संक्षारक’, आणि तिसरीवर चक्क ‘ज्वलनशील’, कारण ‘जाळणे’ या एका क्रियापदाखाली आपल्या भाषेत दोन्ही गोष्टी येतात. लायला ‘ज्वलनशील’ म्हटले तर कामगार आगीपासून ती जपेल आणि हातमोजे घालायचे विसरेल. यावर उपाय शब्दसूचीचा. पन्नास-साठ शब्द पुरतात. प्रत्येक संकल्पनेला एकच मराठी शब्द, त्यापुढे निषिद्ध शब्द. ती सूची एजंटच्या सूचनांत घालाच, पण तेवढ्यावर विसंबू नका. मसुदा झाल्यावर निषिद्ध शब्द शोधणारी तपासणी वेगळी चालवा. इंग्रजी मजकुरासाठी वेल नावाचे मोफत साधन हेच करते, आणि त्याला स्वतःची शब्दयादी देता येते.

वाक्याच्या लांबीचेही बंधन घाला. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी घडवलेल्या ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ या मानकात कृती सांगणारे वाक्य २० शब्दांच्या आत ठेवायचे आणि शक्यतो एका वाक्यात एकच कृती सांगायची, असा नियम आहे. मराठीत मी १२ शब्दांची मर्यादा पाळते, कारण आपले क्रियापद वाक्याच्या टोकाला येते आणि ‘करा’ की ‘करू नका’ हे शेवटच्या शब्दावर कळते. लांब वाक्यात माणूस तिथपर्यंत पोहोचण्याआधीच हात पुढे करतो. एजंटला वाक्ये तोडायला सांगितले की ते काम तो उत्तम करतो, हे मी समाधानाने सांगू शकते. तोडलेली वाक्ये मी मग ज्याने ती वाचायची आहेत अशा एका कामगाराला मोठ्याने वाचायला देते, आणि तो कुठे अडतो ते पाहते.

प्रश्नकर्तीकडून (सहा आठवड्यांनंतर)

सगळ्यांचे मनापासून आभार. आपण सांगितलेले बरेचसे करून पाहिले, ते लिहून ठेवते.

प्रथम तक्ता केला. आमच्या १४० कच्च्या मालांच्या ओळी भरायला तीन आठवडे लागले आणि ते तीन आठवडे एजंटने काहीच केले नाही, सगळे आम्ही दोघींनी मूळ पत्रके पाहून भरले. फ्लेक्स आणि लाय यांच्या ओळी आणि फोल्डर वेगळे केले. कॅस क्रमांकांवर तपासणी चालवली तेव्हा पाच क्रमांक अडकले. पाचही पुरानंतरच्या स्कॅनमधून उतरवलेले होते, आणि त्यांतला एक तर मीच २०२२ मध्ये टंकलिखित करून त्यावर सही घेतली होती. म्हणजे एजंट येण्याच्या आधीपासून ती चूक प्लांटच्या भिंतीवर होती. ती प्रत त्याच दिवशी काढून आणली.

पहिला खरा बदल मागच्या सोमवारी आला. एजंटने फरकांची यादी उद्धरणांसह काढून दिली, आम्ही ती मूळ पत्रकाशी ताडली, तक्त्यात दोन रकाने बदलले, आणि प्रतीच्या फोल्डरमध्ये ३८ पत्रके पुन्हा निघाली. पूर्वी चार दिवस जात, या वेळी दीड दिवस गेला, आणि त्या दीड दिवसातला बहुतेक वेळ वाचनाचा होता. वर्गीकरणाचा एकही रकाना आम्ही एजंटला भरू दिलेला नाही. धुलाईच्या द्रावणांची तीव्रता प्रयोगशाळेकडून लेखी मागवली आहे. तिथे एका द्रावणाचा आकडा वर्षानुवर्षे कुणी तपासलाच नव्हता, असे त्यातून कळले.

पाकिटातल्या दोन चुकांची पद्धत सुरू केली आहे. चुका प्रयोगशाळेतले एक सहकारी घालतात. पहिल्या गठ्ठ्यात दोन्ही चुका आमच्या प्रशिक्षणार्थी मुलीने शोधल्या, मला एकच सापडली. आता दुसरे वाचन तीच करते.

अलिबागच्या ताईंनी सांगितलेले उलटीचे वाक्य अकरा पाट्यांवर चुकीचे निघाले. त्या पाट्या एजंटने लिहिलेल्या नव्हत्या, आमच्याकडे पूर्वी झालेल्या भाषांतरातल्या होत्या. नवे वाक्य लायच्या टाकीजवळ काम करणाऱ्या एका ज्येष्ठ कामगाराला वाचायला दिले. त्यांनी वाचले आणि विचारले, “मग काय करायचं ते कुठं लिहिलंय?” पाटीवर फक्त काय करू नये एवढेच होते. तोंड पाण्याने धुणे आणि लगेच दवाखान्यात नेणे या दोन ओळी त्याखाली घातल्या आहेत आणि मंजुरीला पाठवल्या आहेत. पाऊस लागण्यापूर्वी अकराही पाट्या बदलून होतील.

एक विचारायचे राहिले. लॅमिनेशनच्या जुन्या प्रतींच्या स्कॅनमध्ये उणे चिन्ह पुसट होऊन गळते, त्यामुळे उणे १२ अंशाचा गोठणबिंदू अधिक १२ होतो. तक्ता भरताना आम्ही तो प्रत्येक वेळी पुरवठादाराकडून विचारून घेतला, पण काही पदार्थ आता कुणीच पुरवत नाही आणि त्यांचा जुना साठा अजून गोदामात आहे. अशा पत्रकांचे आपल्याकडे काय करतात?